तीन नंबरचा पाइप

आमच्या रेवणसिद्ध अपार्टमेंटमध्ये माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, बिराजदार बाई खडूस आहेत. दोन, बिराजदार बाई फार खडूस आहेत. मला दोन्ही मान्य आहेत. एकट्या बाईनं थोडं खडूस राहिलेलं बरं असतं, नाहीतर लोक वाटी घेऊन साखर मागायला येतात आणि तासभर बसतात. माझ्याकडे मात्र इतकी वर्षं कुणी वाटी घेऊन आलं नाही, आणि खरं सांगायचं तर याचा अलीकडे मला त्रास होतो.

मी महानंदा बिराजदार, वय त्रेसष्ट. सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. नवरा लग्नानंतर सातव्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी शहरात नवा नियम आला. धरणातलं पाणी आठ दिवसांतून एकदा येणार, म्हणून प्रत्येक सोसायटीनं आपलं सांडपाणी आपणच शुद्ध करून परत वापरायचं. त्यासाठी आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक यंत्र बसलं. त्याचं सरकारी नाव 'वलय-क्षपण संच'. लोक त्याला 'बाईंची टाकी' म्हणतात, कारण ते चालवायला परवानाधारक माणूस लागतो आणि बिल्डिंगमध्ये तसं माणूस मी एकटीच होते.

पहिल्या दिवशी सोसायटीच्या सभेत मी ते यंत्र सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तेच इथं सांगते. आपण जी औषधं, रंग, फिनेल, अत्तरं वापरतो त्यांतल्या पुष्कळ पदार्थांच्या पोटात कार्बनच्या सहा अणूंचं एक वलय असतं. सहा बायकांनी हातात हात गुंफून फेर धरावा तसं. त्यातले काही इलेक्ट्रॉन कुणा एकीचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात, म्हणून तो फेर सहजासहजी सुटत नाही. सांडपाण्यातल्या जिवाणूंना बाकी सगळं पचतं, वलय पचत नाही. ते तसंच पुढे जातं, विहिरीत उतरतं, पुन्हा आपल्या पोटात येतं.

यंत्र काय करतं, तर पाण्यात विजेच्या दोन पट्ट्या सोडतं. त्यातल्या ऋण पट्टीवर, म्हणजे ऋणाग्रावर, पॅलेडियम धातूचा पातळ थर असतो. तिथं पाण्यातलाच हायड्रोजन सुटा होऊन थरावर बसतो आणि जवळ आलेल्या वलयाला जाऊन चिकटतो. यालाच क्षपण म्हणतात. हायड्रोजन चिकटला की फेरातले हात सैल पडतात, आणि मग उरलेलं काम जिवाणू करतात. वेगळं रसायन ओतावं लागत नाही, लागते ती वीज, आणि ती गच्चीवरच्या पॅनेलांतून येते.

आता यातली मेख अशी की, प्रत्येक वलय आपापल्या विद्युतदाबालाच सैल पडतं. कुणी जरा दाब दिला की लगेच, कुणी फार आढेवेढे घेऊन. त्यामुळे दाब हळूहळू वाढवत नेला की पडद्यावरच्या रेषेला जागोजागी उंचवटे येतात, आणि कोणता उंचवटा कशाचा हे माहीत असलं की पाण्यात काय आहे ते कळतं. तापाच्या गोळीचा उंचवटा वेगळा, तंबाखूचा वेगळा. सर्वांत सोपा ओळखायचा म्हणजे स्कॅनच्या आधी शिरेतून देतात त्या औषधाचा. त्याच्या वलयाला आयोडीनचे तीन अणू लटकलेले असतात. ते अगदी थोड्या दाबालाच गळून पडतात, त्यामुळे रेषेच्या सुरुवातीलाच, बाकी काही नसताना, एक उंचवटा ठळक उभा राहतो. "तेवढं एक औषध माझ्यापासून लपत नाही," असं मी सभेत म्हणाले होते. लोक हसले होते. शेवटच्या रांगेत माझा भाऊ मल्लिनाथ बसला होता. तो हसला की नाही ते मी पाहिलं नाही, कारण त्याच्याकडे पाहायचं मी सोडलं होतं.

मल्लू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता, लग्न केलं नाही. आमचं जुनं घर पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा दोघांना एकेक फ्लॅट मिळाला, मला तळमजल्यावर, त्याला तिसऱ्या मजल्यावर. आमची आई, अव्वा, त्याच्याकडे राहायची. अकरा वर्षांपूर्वी तिचं शेवटचं दुखणं आलं. मी म्हणत होते, हॉस्पिटलात हलवू, नळ्या घालू, काय लागेल ते करू. तो म्हणाला, अव्वाला घरीच राहायचंय. त्यानं तिला घरी ठेवलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या दिवसांच्या, शिवगणाराधनेच्या जेवणाला सगळे पाहुणे पानावर बसलेले असताना मी त्याला म्हणाले, "तू मारलंस अव्वाला. आता जन्मात मला तोंड दाखवू नकोस."

तो आज्ञाधारक पहिल्यापासूनच. त्यानं खरंच तोंड दाखवलं नाही. मी जिन्याशी दिसले की वर थांबायचा, मी आत गेले की खाली उतरायचा. अकरा वर्षं एका छपराखाली राहून मला त्याची पाठ आणि चपलांचा आवाज एवढंच माहीत होतं.

यंत्र आलं आणि मला नवीच सवय लागली. नियमानुसार ऑपरेटरनं सगळ्या बिल्डिंगचं एकत्र पाणीच तपासायचं. एकेका घराचं पाणी वेगळं तपासणं हा गुन्हा आहे, तसं आम्हाला लिहून द्यावं लागतं. पण प्रत्येक उभ्या पाइपाला एक झडप असते, कुठं तुंबलं ते शोधण्यापुरती. तीन नंबरच्या पाइपावर पहिल्या मजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे, दुसऱ्यावरचा फ्लॅट कुलूपबंद आहे, त्याचे मालक मस्कतला असतात. तिसऱ्यावर मल्लू. चौथ्यावर पाण्याच्या टाक्या आहेत. म्हणजे त्या पाइपावर माणूस एकच.

सकाळी अकराच्या सुमाराला मी बाकीच्या झडपा दहा मिनिटं बंद करायचे. तीन नंबरची रेषा पडद्यावर यायची. चहाचा उंचवटा, तंबाखूचा उंचवटा. म्हणजे गडी उठलाय, चहा झालाय, बिडी ओढून झालीय. मग मी सगळ्या झडपा उघडायचे आणि घरी जाऊन भाकरी टाकायचे. याला कुणी चोरी म्हणेल. म्हणू दे. मला तेवढंच एक माणूस उरलं होतं आणि त्याची खबर मिळायचा दुसरा मार्ग मी स्वतःच बंद केला होता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मल्लू रिक्षातून उतरताना दिसला. शर्टाची बाही वर केलेली, कोपराच्या आतल्या बाजूला कापूस आणि चिकटपट्टी. नेहमीप्रमाणे मी दाराआड झाले. दुपारी झडपा फिरवल्या आणि रेषेच्या सुरुवातीलाच आयोडीनचा उंचवटा उभा राहिला. इतका मोठा की मोजपट्टी बदलावी लागली.

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. वर जावं असं दहा वेळा वाटलं. मग वाटलं, कुठल्या तोंडानं जाऊ? 'तुला कसं कळलं' म्हणाला तर काय सांगू? 'आता माझ्या मोरीतही नाक खुपसतेस का' म्हणाला तर? आणि आत खोलवर एक गोष्ट होती, तीही लिहून टाकते. मला वाटत होतं की त्यानं सांगावं. आजारी तो आहे, तर त्यानं खाली यावं, दार वाजवावं, 'अक्का, असं असं झालंय' म्हणावं. मी मोठी होते ना. मोठेपणाची खाज मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

मी मनाची समजूत घातली की स्कॅन काय, आजकाल पाय मुरगळला तरी करतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उंचवटा पुन्हा आला. एप्रिलच्या मध्यावर तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळी मी यंत्रासमोर बसले होते तेव्हा आमचे सेक्रेटरी येलदी वकील आले. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

"बाई, एक विचारू का? दोनशे चारमध्ये ती कॉलेजची पोरं भाड्यानं राहतात की नाही, ती गांजा ओढतात म्हणे. तुमच्या यंत्रात दिसत असेल की."

"दिसतं सगळ्या बिल्डिंगचं मिळून, वकीलसाहेब. एका घराचं बघायला बंदी आहे. तुम्हीच वकील, तुम्हाला मी काय सांगू?"

"बंदी कागदावर हो. झडप तर तुमच्या हातात हाय की."

"माणसानं काय खाल्लं, काय प्यालं, कुठलं दुखणं अंगावर काढलं, ही त्याची खासगी गोष्ट आहे. मी कुणाचं पाणी वाचत नाही."

हे मी इतक्या ठसक्यात म्हणाले की ते सॉरी म्हणून निघून गेले. माझा उजवा हात तेव्हा तीन नंबरच्या झडपेवर होता. आणि बोलता बोलता मला स्वतःचंच बोलणं पटलं. दुखणं त्याचं खासगी आहे, मी वर न जाणं हाच त्याचा मान, असं मी ठरवून टाकलं. किती सोयीचं होतं ते.

मे महिना लागला. पारा त्रेचाळिसावर, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. एका सकाळी झडपा फिरवल्या तर रेषेवर चहा होता, तंबाखू नव्हता. मला वाटलं यंत्र तापलंय. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. सहा दिवस तंबाखूची खूण नाही.

मल्लूनं बिडी सोडली होती. अव्वा त्याच्यापुढं पदर पसरायची, 'सोड रे बाबा' म्हणून रडायची, तेव्हा न सोडलेली बिडी. आयोडीनच्या तीन उंचवट्यांनी जे झालं नव्हतं ते या सपाट रेषेनं झालं. मी फार घाबरले. यंत्र तसंच चालू ठेवून, पायात चपला नसतानाच जिना चढायला लागले. तीन मजले चढताना मला कळलं की अकरा वर्षांत मी हा जिना एकदाही चढले नव्हते.

दार उघडंच होतं. उकाड्यात वारं यावं म्हणून खुर्ची लावून ठेवलं होतं. मल्लू कॉटवर बसून पंख्याचा रेग्युलेटर खोलत होता. केस सगळे पांढरे झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती. मला हे दिसणार कसं? मी पाठच बघत होते.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. मला आधी कळेचना काय करतोय. मग कळलं.

"मल्लू, बघ की इकडं," मी म्हणाले. "मीच सांगतेय, बघ."

त्यानं बघितलं. "बस की अक्का. उभी का?" मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "लई उशीर केलीस गं."

"कशाला उशीर?"

"यायला. मी जानेवारीपासून वाट बघायलोय."

मला खरंच अर्थबोध झाला नाही. तो उठला, माठातलं पाणी दिलं, आणि हसत हसत सांगायला लागला. त्याला छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, काढून टाकू, पण घरचं माणूस घेऊन या. सही लागते, नंतर पंधरा दिवस जवळ कुणीतरी लागतं. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची जागा होती.

"तिथं तुझं नाव लिहिलो. नंबर पण लिहिलो. पण तुला कसं सांगू? तू म्हणाली होतीस तोंड दाखवू नको. मग मला ती सभा आठवली. तू म्हणालीस, स्कॅनचं औषध माझ्यापासून लपत नाही. आणि रोज अकराला तू झडपा फिरवतीस, ते जिन्यातनं दिसतंय मला. म्हणलं, हे बरं हाय. तोंड दाखवायचं पण नाही आणि निरोप पण जातोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? स्कॅन झालं की ते लोक सांगतात, भरपूर पाणी प्या, तिकडं बाथरूम हाय, जाऊन या. मी गेलोच नाही. तसाच रिक्षात बसलो. होटगी रोडचे स्पीडब्रेकर मोजत आलो बघ. रिक्षावाल्याला म्हणलो, हळू घे बाबा, पोटात चिठ्ठी हाय."

तो हसायला लागला आणि त्याला खोकला आला. बराच वेळ थांबेना. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ती पाठ मला पाठ होती, पण तिला हात लावला नव्हता.

"एकदा केलो. तू आली नाहीस. डॉक्टर म्हणाले, कुठंय घरचं माणूस? म्हणलो येतंय. दुसऱ्या वेळी पण तसंच. तिसऱ्या वेळी ते चिडले. पण म्हणलं अक्का येणार. मग बिडी सोडलो. ऑपरेशनच्या आधी सोडावी लागते म्हणे. तू येशील तेव्हा तयार असलेलं बरं."

मी त्याचा हात धरला. "मल्लू, अव्वाच्या वेळी मी चुकले. अव्वानं मलाही सांगितलं होतं, घरीच राहू दे म्हणून. मला ते सोसलं नाही, म्हणून तुझ्या डोक्यावर घातलं."

"मला माहीत हाय की."

"माहीत होतं?"

"अव्वानंच सांगितलेलं. म्हणाली, अक्काला सांगितलंय, पण ती चिडणार, तू मनावर घेऊ नको." मग त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, लहानपणी खाऊचा वाटा विचारायचा तसं, "अक्का, तुला पहिल्यांदा कधी दिसलं?"

मी रसायनशास्त्रात आयुष्य काढलं आहे. प्रयोगाच्या वहीत खोटा आकडा लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या मी प्राध्यापकांकडे नेऊन दिल्या आहेत. जानेवारीतली तारीख, वेळ, उंचवट्याची उंची मला तोंडपाठ होती. खरं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की त्याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी पोचली होती. दुसरीही पोचली, तिसरीही. मी वाचली आणि घडी करून ठेवून दिली.

"परवा," मी म्हणाले. "ऋणाग्राची पट्टी खराब झाली होती रे. पॅलेडियमचा थर उडाला होता. चार महिने काहीच धड दिसत नव्हतं. नवी पट्टी बसवली आणि जुन्या पुसट नोंदी तिच्याशी ताडून बघितल्या, तेव्हा दिसलं. तशीच धावत आले."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला बघवेना.

"तरीच!" तो म्हणाला. "थर गेल्यावर काय दिसणार? बॅटरीचं पण तसंच असतंय, प्लेट गेली की सगळं गेलं. मी उगीच काय काय मनात आणलो. एकदा तर वाटलं, अक्काला दिसलंय, पण ती येत नाहीय. त्या दिवशी फार वाईट वाटलं बघ. तरीच म्हणलं, आमची अक्का असं करणार नाही."

मी स्वयंपाकघरात गेले, ज्वारीचं पीठ शोधलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायला तेवढं एक कारण होतं. तो बाहेरून सांगत होता की शेंगाचटणी फडताळात आहे, दही कालचं आहे. आम्ही जेवलो. दोन घास जास्त खाल्ले त्यानं.

अंगावर आलं म्हणजे खोटं किती बारकाईनं करावं लागतं ते मला त्या आठवड्यात कळलं. मल्लू टाकी बघायला खाली आला तेव्हा तीच चांगली पट्टी मी आदल्या दिवशी पुसून नव्यासारखी चकचकीत करून लावून ठेवली होती. त्यानं ती इलेक्ट्रिशियनच्या नजरेनं निरखली आणि "छान बसवलीस" म्हणाला. रोजच्या रेषा मात्र यंत्र आपोआप शहराच्या कार्यालयात पाठवतं. तिथं त्या दहा वर्षं राहतात आणि त्या मला पुसता येत नाहीत. कुणी कधी उघडून बघेल असं नाही, पण त्या आहेत.

गुरुवारी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला स्पष्ट. त्यांनी जानेवारीचं आणि आजचं अशी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जानेवारीत वाटाण्याएवढी गाठ होती. आता ती मोठ्या शिरेला जाऊन टेकली होती.

"तेव्हा आला असता तर एवढंसं काढून मोकळे झालो असतो," ते म्हणाले. "आता आत गेल्यावरच कळेल किती निघतंय ते. मी खोटी आशा दाखवणार नाही. आजोबा, मी तुम्हाला तीनदा सांगितलं, घरचं माणूस आणा. चार महिने थांबलात कशासाठी?"

मल्लू माझ्याकडे वळला. माझी बाजू घ्यायला तो इतका उतावीळ झाला होता की खुर्चीत पुढं सरकला.

"हिची काही चूक नाही डॉक्टर," तो म्हणाला. "आमच्या अक्काचं यंत्र बिघडलं होतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली आणि सही करायला कागद पुढं ओढला.